फॉर्मवरचं चौथं नाव

मी बरी झाल्यापासून आमच्या दारात अधूनमधून अनोळखी माणसं येतात. कुणाच्या बहिणीला तोच आजार झालेला असतो, कुणाच्या मेव्हण्याला. "तुमी त्यातनं उठलाय म्हणं," असं म्हणून दारातच उभी राहतात. मी त्यांना आत बसवते, चहा देते, आठवेल तसं सांगते. ती गेल्यावर लक्षात येतं की महत्त्वाचं सांगायचं राहूनच गेलं. म्हणून एकदाचं कागदावर उतरवतेय. औषधांचं डॉक्टर सांगतील, त्यातलं मला फारसं कळत नाही. मला काय झालं, घरात काय झालं आणि त्याचा खर्च कसा अंगावर आला, एवढंच मी सांगते.

पाण्यात गेलेले पैसे

आधी घरातली माणसं. मी शालन. आमचे हे, म्हणजे सुभाष, टर्नर आहेत, लेथवर लोखंडाचे भाग कातून देतात. बारा वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काम करून त्यांनी उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये स्वतःच्या दोन लेथ टाकल्या, एक मोठी आणि एक लहान. दोन मुली, वर्षा आणि पूनम. सासूबाई आमच्याकडेच असतात, त्यांना मी आत्या म्हणते. मी घरी शिलाई करायची. पेठेतल्या तालमींचे, म्हणजे गल्लीतल्या मंडळांचे, फुटबॉलचे संघ आहेत, त्यांचे शर्ट माझ्याकडे शिवायला यायचे. हंगामाच्या तोंडावर घरात निळ्या-पांढऱ्या कापडाचे ढीग असायचे.

१९९९ साली यांच्या शेजारच्या शेडवाल्याला हृदयाचा त्रास झाला. ऑपरेशन पुण्याला करावं लागलं. माणूस वाचला, पण त्याचा घरासाठी घेतलेला प्लॉट गेला.  पाचव्या दिवशी हे विम्याचे एजंट खोत यांना घेऊनच घरी आले. मेडिक्लेमचा फॉर्म होता. आत्यांचं वय बसत नव्हतं. आमची चौघांची नावं लिहून झाल्यावर खोतांनी सालाचा एकूण हप्ता सांगितला.

मी म्हणाले, "माझं काढा. मला काय होतंय?"

माझ्या नावाचे साधारण बाराशे रुपये कमी होत होते. हे म्हणाले, "राहू दे की तुझंबी." मी म्हणाले, "न्हाय. कमावणाऱ्याचं आणि पोरींचं असलं की झालं." हे म्हणाले, "बरं." खोतांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि शेजारी यांची सही घेतली.

हे ऐकून लोक हळहळतात. बाई घरासाठी मागं सरली, असं त्यांना वाटतं. खरं सांगायचं तर मला कापडाच्या कडा पक्क्या करणारं ओव्हरलॉक मशीन घ्यायचं होतं आणि त्याचा महिन्याचा हप्ता मी डोक्यात बसवून ठेवला होता. मशीन मी घेतलंही. चांगलं होतं.

पुढची दोन वर्षं घरात कुणी आजारी पडलं नाही. हप्ता भरून आले की हे म्हणायचे, "गेलं पाण्यात." मी म्हणायची, "पाण्यातच जाऊ दे. दवाखान्यात जाण्यापरास बरं."

पायडल

२००१ चा डिसेंबर. पंधरा दिवसांपूर्वी मला जुलाब होऊन गेले होते, तेही बरे झाले होते. एका संघाचे बावीस शर्ट शिवायचे होते. सकाळी मशीनवर बसले तर पाय पायडलवर टेकला की नाही तेच कळेना. मुंग्या आल्या असतील म्हणून मी पाय झाडला. दुपारी पांढऱ्या कॉलरवर लाल ठिपका दिसला. सुई बोटात घुसली होती आणि मला समजलंच नव्हतं.

संध्याकाळी चालताना चप्पल पायातून निसटत होती. दुसऱ्या दिवशी न्हाणीत मी खाली बसले ती उठताच येईना. आत्यांनी आणि वर्षानं मला ओढून बाहेर आणलं. आत्या म्हणाल्या, "अशक्तपणा हाय, जुलाबानं." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही तसंच वाटलं, त्यांनी सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी मला हातात पेला धरवेना. तेव्हा हे मला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथल्या डॉक्टरांनी लहान हातोडीनं माझ्या गुडघ्यावर मारलं. पाय उडाला नाही. दुसऱ्यावर मारलं, तोही नाही. मला हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "जी. बी. एस. म्हणतात याला. शरीराचीच रोगाशी लढणारी ताकद शिरांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, उलटते. पायापासून वर चढतं. छातीपर्यंत आलं तर श्वासाचं मशीन लावावं लागेल. बरेच लोक यातून उठतात, पण वेळ लागतो. खर्चही लागतो."

मी विचारलं, "किती दिवस?" त्यांनी सांगितलं, "महिने म्हणा."

काउंटर

भरती करायला यांनी मला चाकाच्या खुर्चीतून काउंटरपाशी नेलं. घरातून निघताना त्यांनी विम्याची फाईल काखेत मारली होती. ती काचेखालून आत सरकवली. आतल्या माणसानं पानं उलटली.

"पेशंटचं नाव?"

"शालन सुभाष कांबळे."

"यात न्हाय हो."

"असंल की. नीट बघा."

"तुमचं हाय. दोन मुलींचं हाय. बाईंचं न्हाय." मग तो जरा आवाज उतरवून म्हणाला, "आणि असतं तरी विम्याचे पैसे मागनं मिळतात. आधी भरायला लागतंय."

हे फाईल हातात घेऊन तसेच उभे राहिले. मी खालून म्हणाले, "अहो, मीच काढलं होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिशातले होते तेवढे पैसे मोजून भरले आणि खुर्ची ढकलायला लागले. लिफ्टमध्ये मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मशीन आणि मी

दोन दिवसांनी श्वास लागला आणि मला अतिदक्षता विभागात नेलं. तोंडातून नळी घातली. नळी असताना बोलता येत नाही. हात नाही, पाय नाही, मान नाही. पापण्या तेवढ्या हलत होत्या. एवढं मात्र वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं: आत मी पूर्ण जागी होते. सगळं ऐकू यायचं, सगळं कळायचं. नाकावर माशी बसली तरी कळायचं.

भीती वाटायची ती मरणाची नव्हती. मशीनची नळी निसटली आणि सिस्टर पाठमोऱ्या असल्या तर त्यांना हाक कशी मारायची, ही होती. पहिले काही दिवस मी मशीनचा आवाज मोजत राहायची. मग मालनमावशी आल्या.

मालनमावशी तिथल्या आया, शाहूवाडीकडच्या. त्यांचा आवाज मोठा. बाकीचे लोक माझ्यावरून एकमेकांशी बोलायचे, मावशी माझ्याशी बोलायच्या. "काय पावणं, झोप झाली का? कूस बदलतो बगा आता. जरा दुखंल." त्यांच्या गावाकडची भाताची कापणी, सुनेचं बाळंतपण, सगळं त्या मला सांगायच्या आणि बोलत बोलत माझे केस विंचरायच्या. एका रविवारी बादली आणून, डोक्याखाली रबर अंथरून त्यांनी माझं डोकं धुतलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा शांत झोपले.

आत्या रोज चार वाजता यायच्या, माझ्या कपाळावर हात ठेवून त्रिशरण-पंचशील म्हणायच्या आणि जायच्या. त्यांचा हात खरखरीत होता. तो यायची मी वाट बघायची.

लथ नक

मशीन लागलं त्याच दिवशी डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू करायला सांगितलं होतं. पाच दिवसांची, आणि जितक्या लवकर तितकी चांगली. सगळी मिळून दीड लाखाच्या घरात जात होती. पहिल्या दिवसाचे पैसे माझ्या दागिन्यांतून आणि यांच्या ओळखीच्या फौंड्रीवाल्यानं दिलेल्या उचलीतून उभे राहिले. पुढच्या चार दिवसांचं काय, हा प्रश्न होता.

माझे दीर, विलासभाऊजी, दुसऱ्या दिवशी सकाळी आत आले. हे आणि ते दोघं माझ्या पायाशी उभे होते. मी झोपलेय असं त्यांना वाटलं असावं.

"दादा, मोठी लेथ विकणार म्हणालास."

"व्हय. गिऱ्हाईक बघितलंय."

"डॉक्टर ग्यारंटी देत न्हाईत. दोन पोरी हायत. लेथ गेली तर खाणार काय? सरकारी दवाखान्यात हलवूया की."

 मी आतून भाऊजींच्या बाजूची होते. दोन पोरी माझ्याच होत्या. लहान लेथवर मोठे जॉब बसत नाहीत, हे मला ठाऊक होतं.

त्याच दुपारी वर्षा एक पुठ्ठा घेऊन आली. त्यावर तिनं क ख ग ची ओळीनं अक्षरं काढली होती. काना-मात्रेला जागा उरली नव्हती. ती ओळीवर बोट ठेवायची, बरोबर असली की मी पापणी मिटायची, मग त्या ओळीतलं अक्षर. असं करत मी पहिला शब्द सांगितला, "पख". सगळे घोळक्यानं विचार करायला लागले. पूनमला पहिल्यांदा कळलं. "पंखा. आईला थंडी वाजत्या." डिसेंबर होता आणि पंखा माझ्या डोक्यावर गरगरत होता. कुणीतरी बंद केला.

मग मी यांच्याकडे डोळे नेले आणि वर्षानं पुन्हा बोट फिरवलं. ल. थ. न. क.

"लथ नक," वर्षा म्हणाली. "लाथ? नाक?"

यांना हसू आलं. "मला लाथ घालायला सांगती हाय का तुझी आई?" आणि हसता हसताच त्यांना कळलं. ते पलंगाच्या कडेला आले, वाकून माझ्या डोळ्यांत बघितलं.

"लेथ नको, व्हय?"

मी पापणी मिटली.

"त्या वेळी तू नाव काढ म्हणालीस, मी ऐकलं," ते म्हणाले. "आता न्हाय ऐकणार."

संध्याकाळी ते आले तेव्हा त्यांच्या हातात इंजेक्शनांचा बर्फातला डबा होता. लेथचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही पुठ्ठा मागितला नाही.

परत येणं

सतरा दिवस मशीनवर होते. मधे गळ्याला छिद्र पाडून नळी तिथं बसवली, त्याचा वण अजून आहे. अठराव्या दिवशी मशीन काढलं. पहिल्यांदा मानेनं साथ दिली, मग हातांनी. ताकद वरून खाली उतरत आली, गेली होती त्याच्या उलट. सात आठवड्यांनी घरी आले ती चादरीच्या झोळीतून. जिन्यावर चौघांनी धरली होती, त्यात एक विलासभाऊजी. दवाखान्यात रोज दुपारचा डबा त्यांनीच आणला होता, एक दिवसही चुकवला नाही.

बऱ्याच दिवसांनी एकदा मी त्यांना म्हणाले, "भाऊजी, तुमी त्या दिवशी जे बोलला, ते मी ऐकलं होतं. मलाबी तसंच वाटत होतं."  ते म्हणाले, "वैनी, मला सा महिनं झोप न्हाय." एवढ्यावर आमचं मिटलं.

घरातल्या दिवसांबद्दल दवाखान्यात कुणी सांगत नाही. फिजिओथेरपीच्या बाई रोज यायच्या, त्यांची फी रोजची. रात्रंदिवस एक माणूस माझ्याजवळ लागायचं. वर्षानं बारावीचं वर्ष माझ्या कुशी बदलत काढलं. हे लहान लेथवर मिळेल ते काम करायचे आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या कारखान्यात चार तास जायचे, जिथून बारा वर्षांनी सुटून आले होते, तिथंच.

एकदा आमचं भांडण झालं. जेवताना माझ्या हातून भाजीची वाटी सांडली आणि हे खेकसले. "एवढं कळत न्हवतं तर त्या वेळी गप बसायचं होतंस." मला कळलं ते वाटीचं बोलत नाहीयेत. मी म्हणाले, "मग तुमी त्या वेळी 'बरं' का म्हणालासा?"  आत्या उठल्या, सांडलेलं पुसलं आणि म्हणाल्या, "दोघांचंबी चुकलं. जेवा आता." आम्ही जेवलो. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही, गरजही उरली नाही.

नवा फॉर्म

मी काठी घेऊन चालायला लागले तेव्हा खोत आले. दारात अवघडून उभे राहिले. माझ्या नावावर रेघ त्यांनी मारली होती, ते त्यांच्याही मनात होतं. मीच म्हणाले, "आत या. फॉर्म आणलाय का?"

फॉर्मवर एक रकाना होता, पूर्वी कोणता मोठा आजार झाला आहे का. खोत म्हणाले, "वैनी, तितं न्हाय म्हणून लिवा. कोण बघतंय?"

मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "गळ्यावर वण हाय की. लपवायचं कसं?"

मी खरं ते लिहिलं. अक्षर वाकडं आलं. कंपनीनं दीड महिना घेतला आणि कळवलं की मला घेतील, पण शिरांच्या आजाराला पैसे मिळणार नाहीत आणि हप्ता वाढीव पडेल. माझा एकटीचा हप्ता बाकी तिघांच्या मिळून हप्त्याइतका झाला. ज्या आजारानं घर धुऊन नेलं त्यालाच हा विमा लागू नव्हता. हे म्हणाले, "तुझं तू ठरव." मी रात्रभर विचार केला नाही. भरायचं म्हणाले. पहिल्या वर्षीचे पैसे मी शिलाईतून दिले. एक शर्ट शिवायला मला आधीच्या तिप्पट वेळ लागत होता.

विमा म्हणजे जादू नाही, हेही सांगते. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा खुबा मोडला, त्यांचा विमा होता. त्यांनी आधी सगळे पैसे भरले, मग कागद गोळा करत फिरल्या, पाच महिन्यांनी पैसे आले, तेही थोडे कापून. मधल्या काळात सोनं गहाण होतंच. पण पैसे आल्यावर ते सुटलं. आमची विकलेली लेथ परत आली नाही. फरक एवढाच, पण तो एवढाच नाही. त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगते: हप्ता जड वाटला तर रक्कम कमी घ्या, पण नाव कमी करू नका. घरी बसणाऱ्या बाईचं तर नकोच. ती पडली की घरातलं कुणीच कामावर जाऊ शकत नाही, हे आम्ही आजारपणातच शिकलो. आणि थोडी रोकड हाताशी असू द्या, कारण काउंटरवर पहिल्यांदा तीच मागतात.

स्टूल

गेल्या वर्षी मालनमावशींनी एका माणसाला माझ्याकडे पाठवलं. शिरोळकडचा, साखर कारखान्यात कामाला. त्याच्या बायकोला हाच आजार झाला होता. मशीनवरून उतरली होती, बोलत होती, पण कंबरेखाली काही नव्हतं. "डॉक्टर म्हणत्यात चालंल. ती इस्वास ठेवत न्हाय," तो म्हणाला. "जेवत न्हाय. एकदा येता का?"

मी त्याच दवाखान्यात गेले. जिन्यावर मला थोडं थांबावं लागलं, दम लागला म्हणून नाही. ती खिडकीजवळच्या खाटेवर होती, तिशीतली. नाव संगीता. मी तिला माझ्या गळ्यावरचा वण दाखवला. तिनं आपल्या गळ्यावरच्या पट्टीकडे हात नेला, तो अर्ध्यातच थांबला.

"तुमालाबी पाय न्हवतं?" तिनं विचारलं.

"अजाबात न्हवतं."

"मग चाला."

मी चपला काढल्या आणि दारापासून खिडकीपर्यंत चालले. परत आले. तिनं माझ्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, पायांकडेच बघत होती. फरशी गार होती, आणि ती मला तळव्यांना गार लागत होती, हे मी तिला सांगितलं.

"आमच्या घराला उंच पायरी हाय," ती म्हणाली. "ती चढता येती का?"

खाटेखाली पेशंटला चढायचं लोखंडी स्टूल होतं. तिच्या नवऱ्यानं ते ओढून दिलं. मी उजवा पाय ठेवून वर चढले, उतरले. तिचा नवरा तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळला. संगीता मात्र स्टुलाकडेच बघत होती.

"आता दुसऱ्या पायानं," ती म्हणाली.

डावा पाय माझा अजूनही कच्चाच आहे. मी तिच्या खाटेची दांडी धरली, तो उचलून स्टुलावर ठेवला आणि चढले.